जाळ्यांच्या खोलीची किल्ली

डॉक्टर म्हणाले, सासूच्या मेंदूतलं नवं पुसलं जातंय, जुनं शाबूत आहे. मुलगा बुडाल्याचं सांगू नका, दरवेळी त्या नव्यानं ऐकतील. बाळंतपणानंतर माझं डोकं फिरलं, तेव्हा हिनंच मासेमारीच्या जाळ्यांच्या खोलीत कोंडून मिरच्यांची धुरी दिली होती, किल्ली कमरेला खोचून. तोही मेंदूचाच आजार होता, गोळ्यांनी बरा झाला असता, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. पाचूबंदरला होड्या लागल्या की सासू माझ्या नवऱ्याचं विचारते, “सायमन आला का गो?” मी सांगते, “बुडाला.” ती ऊर बडवते, मी बोंबील साफ करते. आज ती रडतच, मला न ओळखता कानाशी कुजबुजली, “त्याच्या बायकोला नको सांगू. खोलीत कोंडलीय. बिचारीला सोसनार नाय.” मी म्हटलं, “मग सोड की तिला.” ती कमर चाचपू लागली. किल्ली आता माझ्या कमरेला होती. मी तिला शोधू दिलं.