मामाजींच्या थैल्या

उतईला मामाजींच्या तेरवीत हर्षल बोलायला उभा राहिला अन् सारं घर मुसमुसायला लागलं. "हिवाळाभर दर रविवारी मामाजी सायकल दामटत भिलाईला यायचे, ओल्या तुरीच्या शेंगांची थैली घेऊन. त्या सोलेभाताची चव अजून जिभेवर आहे." तेवढ्यात त्याची कामवाली कौशल्या पुढे आली. धुऊन घडी घातलेल्या थैल्या तिनं मामींपुढे ठेवल्या. "साहब का दिल बड़ा है, अम्मा," ती डोळे पुसत म्हणाली. "बिना खोले थैला मुझे दे देते थे. मेरे बच्चे इतवार की राह देखते थे." हर्षलची मान खाली गेली. शेंगा सोलायचा कंटाळा, एवढंच कारण. आपल्या जुन्या लुगड्यातून शिवलेल्या त्या थैल्या मामींनी मांडीवर ओढल्या अन् कौशल्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं माय," त्या म्हणाल्या, "कोनाच्या तरी पोटात गेलं."