सासरेबुवा चुकतात

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि नेहमीच्याच जागी येऊन थांबली. डिस्क सापडत नाही, असं सर्व्हरचं म्हणणं होतं. डिस्क तर समोर होती, तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. लॅबच्या सिस्टीमवाल्याने पुन्हा बटण दाबलं. जेवणानंतर तो एवढं एकच काम करत होता. दर वेळी काहीतरी वेगळं घडेल अशी आशा का वाटते, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

चूक त्याचीच होती, आणि तीसुद्धा डोकं चालवून केलेली. थंडगार सर्व्हर-खोलीत कुडकुडत कशाला बसायचं, म्हणून त्याने सर्व्हरचं अपग्रेड कँटीनमधून, लॅपटॉपवरून सुरू केलं. समोर जेवणाचं ताट आलं. ताटाला जागा करायला त्याने लॅपटॉप मिटला. लॅपटॉप झोपी गेला, जोडणी तुटली आणि अपग्रेड अर्ध्यावर लटकलं. असं करू नये, अशी सूचना सर्व्हर-खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेली होती. खाली सही त्याचीच. तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण घाबरून त्याने तो अर्धवट सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. म्हणजे बंद केला. चालू काही झाला नाही.

बाहेर लोक रिपोर्ट घ्यायला जमू लागले होते. सकाळपासूनच्या सगळ्या तपासण्यांचे निकाल त्या एका डिस्कवर होते, आणि बॅकअप होता कालचा. लॅबच्या डॉक्टरबाई मघापासून नुसत्याच डोकावून जात होत्या. आता त्या आत आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत होईल ना? नाहीतर तुमच्या सासऱ्यांनाच परत बोलावते कामावर."

हे वर्मी लागलं. सासरे याच खुर्चीतून निवृत्त झाले होते आणि जागा जावयाला मिळाली होती. वशिल्याने मिळाली, असं तोंडावर कोणी म्हणत नसे. पण न म्हणताना लोकांचे चेहरे फार बोलके असत. सासऱ्यांच्या काळात सर्व्हर कधी बंद पडला नाही, हेही त्याला येता-जाता ऐकवलं जाई. आज त्यांना बोलवायची वेळ आली, तर उद्यापासून या लॅबमध्ये तो नुसता जावई म्हणून उरणार होता.

त्याने बायकोला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं.

"अहो, काही झालंय का?"

"कुठे काय! किरकोळ काम आहे," तो म्हणाला. आवाज मात्र रडवेला निघाला.

थोड्या वेळाने पाहतो तर दारात सासरेबुवा.

"इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं. काय म्हणतोय सर्व्हर, जावईबापू?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला, बराच वेळ निरखून पाहिलं.

"घरी बसल्यापासून सगळं विसरलो बघा. सगळं पुसून नव्यानेच टाकायचं का?"

घटकाभरापूर्वी तो स्वतः तेच करायला निघाला होता. पण सासऱ्यांच्या तोंडून ऐकताच त्यातला मूर्खपणा त्याला लख्ख दिसला.

"छे छे, बाबा! पुसायचं कशाला? निकाल शाबूत आहेत. नुसतं मशीन सुरू होत नाहीये."

"पण सुरूच होत नाही म्हटल्यावर आत शिरणार कुठून?"

"पेनड्राइव्हवरून सुरू करायचं!" तो म्हणाला, आणि हे मघाशीच कसं सुचलं नाही याचं नवल करत त्याने ड्रॉवर धुंडाळला.

मशीन पेनड्राइव्हवरून सुरू झालं. सासऱ्यांनी टाळी वाजवली. "वा! आता इथूनच राहिलेलं अपग्रेड उरका."

"अहो, तसं केलं तर पेनड्राइव्हच अपग्रेड होईल! आधी आतली डिस्क जोडायची, तिच्यात शिरायचं, मग हुकूम सोडायचा." त्याला म्हाताऱ्याची कीव आली. एके काळचा एवढा जाणता माणूस, आणि काय ही अवस्था! त्याने डिस्क जोडली, हुकूम सोडला. अर्धवट राहिलेला एकेक भाग जागेवर बसत गेला.

"झालं तर!" सासरे उठलेच. "करतो रीस्टार्ट."

"हात लावू नका!" तो जवळजवळ ओरडला. "सुरू होताना लागणारी फाइल अर्धवट आहे. ती नव्याने बनवल्याशिवाय रीस्टार्ट केलं तर पुन्हा तेच रडगाणं."

"असं होय," म्हणत सासरे खाली बसले.

फाइल बनली. त्याने रीस्टार्ट केलं. अक्षरं वर सरकली, नेहमीची जागा ओलांडून पुढे गेली आणि पडद्यावर लॅबचं नाव झळकलं. त्याला भडभडून आलं. बाहेर प्रिंटर खडखडू लागला, तशा डॉक्टरबाई धावत आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं.

"कोणी केलं?"

"मीच," तो म्हणाला. मग मोठ्या मनाने त्याने जोडलं, "बाबा होते सोबतीला."

"मी नुसता बसून होतो," सासरे म्हणाले.

त्याची छाती फुगली. सुट्टीच्या दिवशी बाबांना थोडं थोडं शिकवायचं, त्याने ठरवून टाकलं; तेवढाच त्यांच्या डोक्याला चाळा. त्यांच्यासाठी तो स्वतः चहा आणायला गेला. कप घेऊन परत आला तेव्हा सासरे खिडकीशी उभे राहून, हलक्या आवाजात फोनवर लेकीशी बोलत होते.

"हो गं, झाला सुरू. मी कशाला हात लावतोय? सगळं त्यांनीच केलं. ते जिथे चुकतील असं वाटलं, तिथे त्यांच्या आधी मी चुकलो, एवढंच."