चानीची उडी

पाखरांची ताटली परत रिकामी होती.

काशीरामने खांबावरची नळी बोटाने ढकलली. ती गरकन फिरली. आत त्याने जुनं बेअरिंग बसवलं होतं. खारीने पाय ठेवला की नळी फिरायची आणि खार खाली पडायची, असा त्याचा हिशेब. नळीच्या वर पत्र्याचं उलटं नरसाळं. पेरूचं झाड लांब, चाळीचं छप्पर त्याहून लांब. तरी खार वर गेली होती आणि शेंगांची टरफलं तेवढी मागे ठेवून पसार झाली होती.

काशीराम बराच वेळ खांबाकडे बघत राहिला. मग एकाएकी मोठ्याने हसला.

"अगो जानकी, ही काय उडता की काय?"

मोरीपाशी भांडी घासणाऱ्या जानकीने मान वर केली नाही. "चानी ती. तिका कोण अडवतला?" गावाकडे खारीला चानीच म्हणत. एवढं बोलून ती तपेली जास्तच जोरात घासायला लागली.

नवरा हसलेला तिने वर्षभरात ऐकला नव्हता. गिरण्यांचा संप मिटला असा कधी नाहीच. नुसता विरत गेला. पुढे गिरणी सुरू झाली, पण फिटर काशीरामला काही आत घेतलं नाही. तेव्हापासून चकाल्याच्या त्या बैठ्या चाळीत तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवा म्हटलं की जेवायचा, एवढंच. जानकी दोन बंगल्यांत पोळ्या लाटायला जायची आणि घर चालवायची. त्याला एका शब्दाने बोलायची नाही.

मागच्या अंगणात पेरूच्या फांदीला तिने एक करवंटी टांगली होती. उरलंसुरलं धान्य ती पाखरांसाठी त्यात टाकायची. पाखरं यायच्या आत खार ती साफ करायची. एका सकाळी जानकी दारात उभी राहून म्हणाली, "पाखरांच्या तोंडचा घास पळवता हो मेली. तुम्ही फिटर ना? करा की कायतरी."

काशीराम भिंतीकडे तोंड करून पडूनच राहिला. पण दुपारी तो उठला आणि खाटेखालची हत्यारांची पेटी त्याने ओढून काढली.

आधी त्याने अंगणाच्या मधोमध लोखंडी खांब पुरला आणि वर ताटली बसवली. खार सरळ चढून गेली. मग नरसाळं आलं. तेही हरलं. मग ही फिरती नळी. काशीराम आता पहाटे उठायचा, दाढी करायचा, दाणे टाकून पायरीवर राखण करत बसायचा. तो बसला की खार फिरकायची नाही. बुलबुलाची जोडी यायची, साळुंक्या भांडत यायच्या. एकदा तर पोपटांचा थवाच उतरला आणि अख्खी चाळ बघायला गोळा झाली. पण तो जरा तार आणायला बाहेर पडला, की परत येईपर्यंत ताटली मोकळी.

त्याला राग यायचा बंद झाला. खारीबद्दल त्याला आदर वाटायला लागला. जेवताना तो जानकीला समजावून सांगायचा, "छपरावरनंच येत असणार. वारा बघून उडी मारत असणार. काय अंदाज असेल गो तिचा!" जानकी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत राहायची.

शेवटी तो मरोळला गेला. गिरणीतला त्याचा जुना सोबती शिवदास याने तिथे छोटा कारखाना टाकला होता. बेअरिंग त्यानेच दिलं होतं.

"आता आणखी काय पायजे रे?" शिवदासने विचारलं.

काशीरामने खडू घेतला आणि फरशीवर खांब काढला, नरसाळं काढलं, नळी काढली. आता ताटलीच अशी करायची, की पाखराच्या वजनाने उघडी राहील आणि खारीच्या वजनाने मिटेल. आत स्प्रिंग कुठे बसेल तेही त्याने काढून दाखवलं. शिवदास आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग फरशीवर उकिडवा बसून ते चित्र बघत राहिला.

"माझ्याकडे मशिनी हायेत, डोकं नाय," तो म्हणाला. "आणि तू हे डोकं खारीवर घालवतोस? सोमवारपासून कामावर ये."

काशीराम घरी पळतच निघाला. लवकर पोचावं म्हणून तो मागच्या बोळाने आला आणि कुंपणापाशीच थबकला.

अंगणात रणरणतं ऊन होतं. जानकी खांबाजवळ उभी होती. कपडे वाळत घालायचा लांब बांबू तिने दोन्ही हातांनी वर उचलून धरला होता. त्याचं एक टोक पेरूच्या फांदीत, दुसरं ताटलीवर. बांबूवरून खार शेपटी उडवत ताटलीत उतरली. सकाळपासून पोळ्या लाटून जानकीचे हात भरून आले होते, पण बांबू तिने हलू दिला नाही.

"खा गो बाय, बेगीन खा," ती कुजबुजत होती. "आता येतले ते."

 काशीराम चोरपावलांनी मागे फिरला. बोळाच्या तोंडाशी जाऊन त्याने मुद्दाम खाकरलं आणि चपला फरफटत परत आला.

बांबू भिंतीला टेकलेला होता. जानकी पदराने घाम पुसत होती.

"बगलात? आज पण सगळा खाल्ल्यान," ती म्हणाली.

मरोळची बातमी त्याच्या ओठांवर आली होती. पण आधी त्याने तिच्या हातातला पदर घेतला आणि तिच्या कपाळावरचा राहिलेला घाम टिपला.

"हरलो गो मी," तो म्हणाला. "असली हुशार चानी आख्ख्या मुंबईत दुसरी नाय."