गुळगुळीत भिंत

मोरोएसीने नळ सोडला. बादली भरली, पाणी अंगणात पसरलं, तरी तिने तो बंद केला नाही.

"ताई, नळ," दिनेओ आतून म्हणाली.

मोरोएसीने तो सावकाश फिरवला. नदीपलीकडे, लेसोथोत, एवढ्या पाण्यासाठी तिला झऱ्यापर्यंत टेकडी उतरावी लागे. धाकट्या बहिणीच्या घरी, इथे दक्षिण आफ्रिकेत, ते भिंतीतून येत होतं.

उद्या दिनेओच्या मुलीला मागणी घालायला मुलाकडची माणसं येणार होती, रिवाजाप्रमाणे त्यांनी मुलीच्या घरी किती गुरं द्यायची ते ठरवायला. माहेरच्या घरावर असायची तशी शेणामातीची नक्षी दर्शनी भिंतीवर हवी, असा दिनेओचा हट्ट होता. म्हणून तिने थोरलीला बोलावून घेतलं होतं.

भिंत सिमेंटची होती. वर पिवळा, चकचकीत तेलरंग. मोरोएसीने तिच्यावरून तळवा फिरवला. गुळगुळीत भिंतीवर माती टिकत नाही, आधी भिंत खरवडून घ्यायची, हे आईने शिकवलं होतं. दिनेओला ते ठाऊक नव्हतं. मोरोएसीने न खरवडताच पहिला हात मारला.

काम चाललं असताना दिनेओ चहा घेऊन आली आणि तिथेच बसून बोलत राहिली. शेजारच्या म्हातारीला साठ वर्षं झाली आणि सरकारी पेन्शन सुरू झालं, हेही तिने सांगितलं. मोरोएसीला त्रेसष्ट पूर्ण झाली होती. तिच्या देशात पेन्शनसाठी आधी सत्तरीपर्यंत जगावं लागे. उद्या ऊन चढलं की माती तडकेल, पाहुण्यांच्या पुढ्यात पोपडे गळतील, एवढंच तिच्या मनात आलं. चहा गोड लागला.

दुपारपर्यंत भिंतभर नक्षी उमटली. नांगरलेल्या शेतासारख्या ओळी, मध्ये चार पाकळ्यांची फुलं. कुंपणापाशी बायका जमल्या. हे कुणी केलं, कितीला केलं, आमच्याकडे येईल का, असं विचारू लागल्या.

"माझी थोरली बहीण आहे, गवंडी नाही," दिनेओने त्यांना सुनावलं. मग मोरोएसीजवळ येऊन हळूच म्हणाली, "इथे सगळं विकत मिळतं गं ताई. हा हात नाही मिळत. आईने तो तुला एकटीला दिला. खरं सांगू, अजून जळते मी तुझ्यावर."

मोरोएसीने दोन्ही तळवे भिंतीच्या माथ्यावर टेकवले आणि खालपर्यंत ओढत आणले. फुलं, ओळी, सगळा चिखल पायाशी आला.

"अगं, वेड लागलं की काय तुला?"

"धरत नव्हतं ते. भिंत खरवडायला हवी आधी. टोकदार दगड आण."

"आणि रंग?"

"रंग जाणार."

दिनेओने क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि दगड आणून दिला. मोरोएसी कामाला लागली. पिवळ्या कपच्या तिच्या केसांत, खांद्यावरच्या घोंगडीत अडकू लागल्या. पुरे झालं का, असं दिनेओने दोनदा विचारलं.

"थोडंच राहिलंय," मोरोएसी म्हणाली, आणि नक्षी जिथवर येणार होती, त्याच्याही हातभर पुढपर्यंत खरवडत गेली.