दाराच्या रबराखाली

बोटांच्या पेरांनी पत्र्यावर टकटक करत पेंटर त्या छोट्या पांढऱ्या गाडीभोवती दुसरी फेरी मारत होता. त्याची मुलगी पर्स पोटाशी धरून मागे उभी होती. जुन्या गाड्यांचा डीलर सावलीत खुर्ची टाकून बसला होता. ‘वाजवा काका, हवं तितकं वाजवा,’ तो म्हणाला. ‘एका रिटायर बाईंची गाडी आहे. साधा ओरखडा नाही.’

पेंटर मनातल्या मनात खुशीत होता. अपघातात ठोकलेल्या गाड्या त्यानं पस्तीस वर्षं रंगवल्या होत्या. पत्र्याखाली काय दडलंय ते त्याच्या बोटांना कळायचं. म्हणून तर महिनाभर तो मुलीशी वाद घालत होता. ती नर्स, जावई बाहेरगावी नोकरीला. लहानगीला शाळेत सोडून ड्युटी गाठायची म्हणजे गाडी हवीच. पण हिचं एकच तुणतुणं, घेईन तर नवी. एकदा म्हणे नवीला वॉरंटी असते, एकदा म्हणे मैत्रिणींनी नव्याच घेतल्या, तर एकदा म्हणे जुन्यात मनासारखा रंग मिळत नाही. दर वेळी कारण वेगळं. बापाचा जन्म गाड्यांत गेला आणि लेकीला शोरूमची ऐट हवी, अशी त्यानं चार पाहुण्यांसमोर तिची थट्टा केली होती. ती तेव्हा गप्प बसली. शेवटी म्हणाली, तुमच्या समाधानासाठी एक गाडी बघू.

बॉनेट ठीक निघालं, टपही ठीक. डाव्या बाजूचा रंग तर फारच सुरेख होता. असा हात हल्ली कुणाचा राहिलाय, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं डावीकडची दोन्ही दारं उघडली आणि मधल्या खांबावर बोट आपटलं. आवाज बद्द आला. त्यानं पुन्हा आपटलं. खाली वाकून खांबाचा रबर ओढला. आतल्या पांढऱ्या रंगाखाली अंगठ्याचा ठसा होता, मधोमध तिरका चिरलेला.

पत्र्याचे खड्डे बुजवायला भरलेली पुट्टी वाळली का ते पेंटर नेहमी डावा अंगठा दाबून बघायचा. रबराखाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. तो अंगठा तरुणपणी दारात चेमटला होता, त्याचा तिरका वण राहिला होता. गॅरेजमधले त्याला अंगठेबहाद्दर म्हणून चिडवायचे. दुपारी डबा घेऊन येणारी लेक मात्र टायरवर बसून टक लावून बघत राहायची. पोरीला रंगकामाची आवड आहे, असं तो कौतुकानं सगळ्यांना सांगायचा.

त्याला गाडी आठवली. तेव्हा ती दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली होती. खांब आत घुसला होता. तो कापून नवा बसवायला हवा होता. पण गाडीच्या मालकानं सांगितलं, विकायचीच आहे, दिसायला नीट करा. त्यानं केली. संध्याकाळी सगळ्या गॅरेजला त्यानं मार कुठे बसला होता ते ओळखायला लावलं. कुणालाच ओळखता आलं नाही. तेव्हा त्याची छाती फुगली होती. आता याच खांबाशेजारी त्याची नात बसणार होती.

त्याचे कान तापले. त्यानं रबर दाबून जागेवर बसवला.

‘नवीच घे,’ तो मुलीला म्हणाला.

तिनं का म्हणून विचारलं नाही. बघा मी सांगत होते, असंही म्हणाली नाही. नुसतं बरं म्हणून चालायला लागली.

ती दोघं फाटकापर्यंत पोचली तोवर एक जोडपं आत आलं. बायकोचे दिवस भरत आले होते. डीलर उठला आणि त्यांना थेट पांढऱ्या गाडीपाशी घेऊन गेला. रिटायर बाई, साधा ओरखडा नाही, हे सगळं पेंटरला फाटकापर्यंत ऐकू आलं. त्याची लेक सुटली होती, नातही सुटली होती. गुमान निघून गेला असता तर कुणाला काही कळलं नसतं. मागे फिरायचं म्हणजे लेकीसमोर बोलायचं. तरी तो फिरला.

‘ही घेऊ नका,’ तो त्या नवऱ्याला म्हणाला. ‘हिचा खांब मोडलाय. वर नुसती पुट्टी आहे.’

डीलरचा चेहरा उतरला. उगाच कुणाच्या पोटावर पाय देऊ नका, म्हणाला. आणि हे कशावरून, तेही सांगा.

पेंटरनं दार उघडलं, रबर ओढला आणि डावा अंगठा ठशावर ठेवला. तो चपखल बसला.

‘मीच भरलीये,’ तो म्हणाला.

नवऱ्यानं बायकोचा हात धरला आणि पेंटरकडे चोराकडे बघावं तसं बघत तिला घेऊन निघून गेला. डीलर कुणाला तरी फोन लावायला आत गेला. पेंटर अंगठा पँटला पुसत तिथेच उभा राहिला. मालकानं सांगितलं होतं, पोट हातावर होतं, सगळेच करायचे, असं बरंच काही त्याच्या ओठांवर आलं. पण लाजेनं मान वर होईना. लेक शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा तो गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, ‘तुला हे असं कळायला नको होतं.’

‘मी डबा घेऊन यायचे तेव्हा सगळं दिसायचं, बाबा,’ ती हळूच म्हणाली. ‘म्हणून तर नवी म्हणत होते.’