दोराचं टोक

"नको पोरी, मी असाच बरा," म्हणत चौगुले सर ऑपरेशनच्या टेबलावर उठून बसले. वजनाने गुडघे गेले होते, तरी जठर लहान करून घ्यायच्या वेळी त्यांचा धीर सुटला.

डॉक्टर वैजयंती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "सर, जाडी म्हणून मला कुणी खेळात घेत नव्हतं. तुम्ही रस्सीखेचीत सगळ्यांच्या मागे उभं करून दोर माझ्या कमरेला बांधलात. मी रडत होते. तेव्हा काय म्हणालात?"

सरांच्या डोळ्यांपुढे शाळेचं मैदान आलं, धुळीत टाचा रोवलेली ती गोबरी पोर आली. ते हसले. "हलू नकोस म्हणालो. ओढायला बाकीच्या आहेत."

ते आडवे झाले. भुलीची सुई टोचताना तिने त्यांचा हात धरला.

"आता तुम्ही हलू नका, सर. ओढायला आम्ही आहोत."