दोघांचा भोंडला

सकाळीच मंजिरीने निषादची दाढी करून दिली. एरवी ब्लेड दिसलं की घर डोक्यावर घेणारा तिचा एकोणीस वर्षांचा स्वमग्न मुलगा आज मुकाट बसला होता. संध्याकाळी सोसायटीचा भोंडला होता ना!

तीन वर्षांचा असल्यापासून तो त्या फेरात असायचा. एक हात आईच्या हातात, दुसरा शेजारच्या ओवीच्या. कुणी नुसतं शिवलं तरी अंग चोरणारा पोरगा, पण ओवीचा हात गाणी संपेपर्यंत सोडायचा नाही.

निघायच्या वेळी ओवीची आई दारात आली. आत काही येईना.

“रागावू नकोस गं. मुली मोठ्या झाल्यात. निषादही चांगला बाप्या झालाय. या वर्षी तू एकटीच ये.”

“कुणी काही म्हणालं का? ओवीला सांग, ती समजावेल त्यांना.”

ओवीच्या आईने मान खाली घातली. “तिनंच पाठवलंय मला.”

खाली गाणी सुरू झाली. निषाद चपला घालून दाराशी ताटकळत होता. मंजिरीने दार लावून घेतलं. हॉलमध्ये पाट मांडला, त्यावर जमेल तसा तांदळाचा हत्ती काढला आणि निषादचा हात धरला. “चल राजा, यंदा आपला भोंडला घरीच.”

तो फिरू लागला. सगळी गाणी तोंडपाठ, आवाज खणखणीत. दुसरा हात मात्र त्याने बाजूला लांब धरून ठेवला होता.

“दुखेल रे, खाली घे तो.”

“ओवीचा आहे,” तो म्हणाला, आणि फिरत राहिला.